बातमी घेऊन कोण आलंय?

आधी नाक सांभाळा. पुलावर पाय टाकलात की मासळी, ओलं लाकूड आणि घोड्यांची लीद असा तिहेरी वास अंगावर येईल. खाली लिम्मात नदी पाणचक्क्या फिरवत एवढा आवाज करत चालली आहे, की शेजारच्याचं बोलणं ऐकायला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. मग त्याने सकाळी कांदा खाल्लाय हेही कळतं. तळ्यावरून आलेल्या धुक्याने तुमचा लोकरी डगला जड झालाय आणि त्यातली मेंढी अजून आतच असल्यासारखा वास येतोय. बुटांचे तळ पातळ आहेत, रस्त्यातला एकेक दगड पायाला कळतो. आणि बाजूला व्हा! मागून एक गडी पाठीवर द्राक्षांची भलीमोठी बुट्टी घेऊन सुटलाय, तो थांबणार नाही. तळ्याकाठच्या मळ्यांत तोडणी चालू आहे, त्यामुळे गल्लीगल्लीत आंबायला लागलेल्या रसाचा गोडसर उग्र दर्प भरलाय.

तुम्ही झुरिकला पोचलात. साल १५६१, महिना ऑक्टोबर. भाषेची चिंता नको, या प्रवासाच्या भाड्यात जर्मन आणि लॅटिन दोन्ही धरलेली आहेत.

गावात दहा हजारही माणसं नाहीत. परका चेहरा लगेच ओळखू येतो आणि परका चेहरा म्हणजे बातमी. पूल ओलांडेपर्यंत तिघांनी तुम्हाला अडवलेलं असेल. कुठून आलात? वाटेत काय ऐकलंत? आणि मग जरा आवाज उतरवून: कुणी पत्र दिलंय का? भोचकपणा म्हणून रागावू नका. छापील साप्ताहिक वर्तमानपत्र १६०५ मध्ये स्ट्रासबुर्गला निघेल, म्हणजे अजून ४४ वर्षं आहेत. बाजारात चित्रांची एकपानी पत्रकं विकायला येतात, पण त्यातलं खरं किती आणि तिखटमीठ किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. जगात काय चाललंय हे नीट कळायला हवं असेल, तर जगात ठिकठिकाणी आपलं माणूस हवं आणि त्याला लेखणी उचलण्याइतकी आपली आठवण यायला हवी.

या गावात अशी माणसं सर्वांत जास्त कुणी जोडली असतील, तर ती झुरिकच्या चर्चचा प्रमुख पाळक हाइनरिख बुलिंगरने. त्याच्या घराची वाट विचारायची गरज नाही, दोन बुरुजांच्या ग्रोसम्युन्स्टर देवळाच्या दिशेने चढण चढत राहा. देवळात डोकावून घ्या. भिंती पांढऱ्या फटक, मूर्ती नाहीत, ऑर्गन कधीच काढून टाकलेला. गाणंही नाही. उपासनेत लोकांनी गायचं हे झुरिकला १५९८ पर्यंत सुरू व्हायचं नाही. त्यामुळे प्रवचन संपतं तेव्हा ऐकू येतो तो फक्त खोकल्यांचा आणि लाकडी बाकांचा आवाज, आणि दारापाशी पोचताच सुरू झालेली कुजबुज: फ्रांकफुर्टच्या गाड्या आल्या म्हणे.

बुलिंगरच्या घराचं दार ढकला, ते बहुतेक वेळा उघडंच असतं. आत शिरल्याबरोबर डोळे चुरचुरतील. चुलीचा धूर, उकळणारी ओटची पेज, वाळत घातलेले ओले मोजे आणि चरबीच्या मेणबत्त्यांचा खवट वास. चहा मागू नका, इथे तो कुणी ऐकलेलाही नाही. पुढ्यात येईल ती पेज, जाडा पाव आणि तळ्याकाठची पातळ वाइन. ती इतकी आंबट की पहिल्या घोटाला कानशिलं आवळतात. वाढणारी घरधनीण ॲना. ती लग्नापूर्वी जोगीण होती, आज अकरा मुलांची आई आहे. तुम्ही कोण, किती दिवस राहणार, हे ती विचारत नाही. तीस वर्षांपूर्वी, अशाच एका ऑक्टोबरात, कापेलच्या लढाईत इथला धर्मसुधारक झ्विंगली मारला गेला, तेव्हा त्याची विधवा आणि पोरं याच घराच्या आसऱ्याला आली. नंतर इंग्लंडातल्या धर्मछळातून जीव वाचवून पळालेले आले, इटलीतून आले, शिकायला विद्यार्थी आले. या घराने कुणाला परत पाठवल्याचं कुणाला आठवत नाही. जेवून गेलेला प्रत्येक जण पुढे आपापल्या गावाहून पत्र लिहितो. एवढ्या मोठ्या पत्रव्यवहाराचा उगम शोधायचा असेल, तर तो या पेजेच्या पातेल्यापाशी सापडेल.

आता जिना चढा. वाकून, नाहीतर तुळई कपाळाला लागेल. खोलीत झिलईदार फरशांनी मढवलेली उंच शेगडी आहे. तिच्याजवळ बसलात तर पाठ भाजते, खिडकीशी बसलात तर बोटं गारठतात. खिडकीला शिशात बसवलेल्या काचेच्या गोल चकत्या आहेत, त्यांतून उजेड हिरवट आणि लाटालाटांनी येतो. त्या उजेडात काळी टोपी आणि लांब दाढीचा ५७ वर्षांचा माणूस लिहितोय. लेखणीची कुरकुर ऐका. मायफळ, हिराकस आणि डिंकाची शाई कागदावर उतरताना फिकी दिसते आणि हळूहळू काळी पडते. एक पान झालं की वर वाळू भुरभुरवायची, कागद तिरका करून ती परत डबीत ओतायची. थोडे कण तुमच्या बाहीत जातील, दिवसभर टोचतील.

अक्षराकडे बघून घाबरू नका. ते वाचताना शेकडो वर्षांनंतरच्या संशोधकांनाही घाम फुटायचा आहे. तरीही ते वाचतील, कारण या माणसाच्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग टिकणार आहे. त्याला आलेली सुमारे १०,००० पत्रं आणि त्याने लिहिलेली सुमारे २,०००. बहुतेक लॅटिनमध्ये, बाकीची जर्मनमध्ये. हे सगळं प्रवचनं, ग्रंथ आणि गावची भांडणं मिटवून उरलेल्या वेळात.

खाली एकदम गलका झाला. कुजबुज खरी होती. छापखानेवाल्या फ्रोशाउअरची माणसं फ्रांकफुर्टच्या शरदातल्या जत्रेहून परतली आहेत. हा तोच फ्रोशाउअर, ज्याच्या घरी १५२२ च्या उपवासाच्या दिवसांत सॉसेज खाल्ले गेले आणि अख्ख्या गावात धर्माचा वाद पेटला. आज त्याच्याकडची मोठी खबर वेगळी आहे. जत्रेला युरोपभरचे पुस्तकवाले जमतात, आणि जो तो आपल्या गावची पत्रं घेऊन येतो. तिथे त्यांची अदलाबदल होते आणि ती पुस्तकांबरोबर गाडीत बसून घरोघर जातात. वर्षातून दोनदा जत्रा, दोनदा सुगी. मध्ये व्यापारी, विद्यार्थी, नगरसभेचे पायी धावणारे निरोपे, कुणीही चालतो. फक्त त्याचा रस्ता तुमच्या मित्राच्या दारावरून जायला हवा.

पुडकं जिन्यावरून वर आलं. त्याला घोड्याच्या घामाचा, शिळ्या बिअरचा आणि पावसाचा वास आहे. सगळे टेबलाभोवती दाटीवाटीने उभे राहिलेत. तुमच्या उजव्या कुशीत कुणाचं तरी कोपर आहे, मानेवर कुणाचा तरी श्वास. सेंट पीटर देवळाचा पाळक रुडॉल्फ ग्वाल्टर आलाय, त्याची बायको रेगुला आली आहे. ती झ्विंगलीची मुलगी, याच घरात वाढलेली. लाखेची मोहोर कटकन तुटते. आता पाकीट शोधू नका. लिहिलेला कागदच घडी घालून, त्याच्यातूनच पट्टी ओवून बंद केलेला असतो. उघडला की आतून आणखी दोन घड्या खाली पडतात, त्या दुसऱ्यांसाठी. एकाच्या पत्रात दुसऱ्याचं, दुसऱ्याच्यात तिसऱ्याची नक्कल.

आणि मग ते मोठ्याने वाचायला लागतात. सगळ्यांसमोर!

तुम्हाला चुळबुळ होईल. दुसऱ्याचं पत्र ऐकायची आपल्याला सवय नाही. इथे मात्र पत्र लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं की ते पाच-सहा जण ऐकणार, कुणीतरी त्यातला बातम्यांचा मजकूर उतरवून घेणार आणि उद्या तो बर्नला, परवा शूरला रवाना होणार. बातमी दाबून ठेवणारा मित्र म्हणजे कंजूष. आज मी तुला पॅरिसचं कळवलं, तर तू मला व्हेनिसचं कळवायचं. शूरचा पाळक फाब्रिसियुस डोंगरघाटांतून उतरणाऱ्या माणसांकडून इटलीची खबर काढतो, ती इथे येते. इथली त्याच्याकडे जाते. ज्याच्याकडे कळवण्याजोगं काहीच नसतं, तो तसं लिहून माफी मागतो आणि मग तीन पानं भरतो. खरोखरच गुपित असेल, तर पत्राच्या शेवटी एवढंच येतं: बाकी हा माणूस तोंडी सांगेल.

काय असतं या पत्रांत? सगळं, आणि एकाच दमात. कुठे सैन्य जमतंय, कुणाला मुलगी झाली, धान्य किती महागलं, कुणाच्या ग्रंथावर कोण तुटून पडलं आणि लिहिणाऱ्याचं पोट कसं आहे. पोटाला बरीच जागा मिळते. संधिवात, मूतखडा, ताप, पडसं, झोप न येणं. जिनिव्हाचा धर्मसुधारक काल्व्हिन सगळ्या युरोपला धाकात ठेवतो, पण त्याच्या पत्रांतून त्याची डोकेदुखीही भेटते. टेबलाभोवतीचे लोक युद्धाच्या बातमीला माना हलवतात आणि मित्राच्या तापाच्या बातमीला खुर्ची ओढून बसतात.

आता इंग्लंडचं पत्र निघालं. खोलीतला आवाज बदलला, कळलं? काही वर्षांपूर्वी इथे आसऱ्याला राहिलेले इंग्रज आता मायदेशी मोठ्या हुद्द्यांवर आहेत. जॉन पार्कहर्स्ट नॉरिचचा बिशप झालाय, जॉन ज्युएल सॉल्झबरीचा. ज्युएल झुरिकहून निघाला तो ५७ दिवसांनी इंग्लंडात पोचला, आणि पोचल्यावर ते ५७ दिवस त्याने पत्रात भरून काढले. पुढे एकदा त्याने कळवलं, की झुरिकला असताना इंग्लंडची जेवढी आठवण यायची, त्याहून जास्त आता झुरिकची येते. असं पत्र वाचलं जाताना कुणीतरी चेष्टा करतं, कुणीतरी नाक ओढतं. शेवटी येते नमस्कारांची यादी. ही कंटाळवाणी समजून दाराकडे सरकू नका. कुणाकुणाची नावं आली हे सगळे कान देऊन ऐकताहेत. घरधनिणीला, मुलांना, अमक्याच्या नोकराला आणि त्याच्या बायकोला. जिन्यात उभी असलेली मोलकरीणही थांबली आहे. आपलं नाव आलं तर दिवस चांगला जातो. आलं नाही, तर ग्वाल्टरसारख्या मोठ्या माणसालाही ते सलतं.

ज्युएलची पत्रं ज्याच्या नावावर येतात, तो पीटर मार्टिर व्हर्मिली मात्र आज खोलीत नाही. हा फ्लोरेन्सचा पंडित, ज्युएलचा गुरू आणि इथला यजमान. उन्हाळ्याच्या अखेरीस तो धर्मचर्चेसाठी फ्रान्सला गेला. तिकडे वातावरण तापलेलं आहे. तो कुठे आहे? बरा आहे का? एक पत्र आलं तर ते तीन आठवड्यांपूर्वीचं. त्यात तो सुखरूप आहे, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी सुखरूप होता. आजचं कुणी सांगावं? इथली प्रत्येक बातमी थोडी शिळी आणि प्रत्येक दिलासा जुना असतो. तुमचा हात खिशाकडे गेला ना? खिशात काही नाही. तुम्हीही आता सगळ्यांसारखे वाट बघा. (कानात सांगतो: नोव्हेंबरात तो परत येईल. बोलू नका. कसं कळलं असं विचारतील आणि तुमच्याकडे मित्राचं नाव नसेल.)

कारण इथे बातमीला नाव लागतं. नुसतं ‘म्हणे’ चालत नाही. लिहिणारा सांगतो: हे मी स्वतः पाहिलं, हे अमक्या व्यापाऱ्याकडून ऐकलं, हे गावात बोलतात पण मला पटत नाही. मग बुलिंगर बर्नचं पत्र स्ट्रासबुर्गच्या पत्राशेजारी ठेवतो आणि दोन्ही जुळतात का बघतो. कधीकधी नाव लपवावंही लागतं. पत्र रस्त्यात पकडलं गेलं तर ज्याला लिहिलं त्याच्या जिवावर बेतायचं. फ्रान्सला लिहिताना काल्व्हिन ‘शार्ल देस्पव्हिल’ अशी सही करतो. वाचणारा अक्षरावरून ओळखतो. अक्षर ओळखण्याइतकी सलगी हाच पुरावा.

जरा हवा खायला बाहेर पडा, पण योहान याकोब विकच्या तावडीत सापडणार हे धरून चाला. देवळातलाच हा सहकारी. गेल्या वर्षापासून त्याला बातम्या जमवायचं वेड लागलंय. तो तुम्हाला कोपऱ्यात घेऊन कागद उलगडेल. ताज्या रंगाचा आणि खळीचा वास येईल. या एप्रिलमध्ये न्युरेम्बर्गच्या आकाशात सूर्योदयाला काय दिसलं, याचं छापील पत्रक बघा: सूर्याभोवती रक्तवर्णी गोळे, क्रूस, लांबलचक नळ्या, आणि खाली एक काळा प्रचंड भाला. विकला पुरं, धूमकेतू, खून, गारा, विचित्र जन्मलेली वासरं, सगळं हवं असतं. मित्रांच्या पत्रांतून बुलिंगरकडे जे येतं, त्यातला त्याच्या कामाचा मजकूर विकच्या वह्यांत जातो. अशा २४ वह्या भरतील आणि ते न्युरेम्बर्गचं पत्रक त्यांच्यासोबत झुरिकच्या ग्रंथालयात टिकेल. तुम्ही वाटेत काही अघटित पाहिलंत का, असं तो विचारेल. विमानाबद्दल बोलायचा मोह आवरा.

त्याच्या हातून सुटलात तर दोन गल्ल्या पलीकडे गावचा वैद्य कॉनराड गेसनर भेटेल. त्याच्या घरात वाळलेल्या पाल्याचा, औषधांचा आणि ओळखू न येणाऱ्या कातड्यांचा वास आहे. याची पत्रं हातात घेताना जपून, आतून बिया सांडतात. कुणी दाबून सुकवलेलं फूल पाठवतं, कुणी माशाचं चित्र, कुणी पक्ष्याचं पीस. इंग्लंडचे जॉन केयस आणि विल्यम टर्नर तिकडच्या प्राण्यांविषयी लिहितात. गेसनरने आपल्या प्राण्यांवरच्या जाडजूड ग्रंथांत अशा मदतनीसांची नावं छापली आहेत. दोन वर्षांपूर्वी आउग्सबुर्गच्या एका बागेत त्याने ट्यूलिप पाहिला आणि यंदा त्याचं वर्णन छापलं. एवढं लांबचं जग या लहान घरात आलं, ते बरंचसं मित्रांच्या घडी घातलेल्या कागदांतून.

संध्याकाळी पुन्हा बुलिंगरकडे या. मेणबत्तीची वात कापली की जळक्या चरबीचा भपका येतो. आलेली पत्रं आता पेटीत जाताहेत. पेटी उघडी आहे तोवर आत बघा. त्या सुबक लॅटिन अक्षराची तीन पत्रं एका मुलीची आहेत, लेडी जेन ग्रेची. तिने कधीही न भेटलेल्या या पाळकाला लिहिलं, त्याच्या ग्रंथाबद्दल आभार मानले आणि हिब्रू कसं शिकावं ते विचारलं. नऊ दिवस ती इंग्लंडची राणी होती. १५५४ मध्ये तिचा शिरच्छेद झाला तेव्हा ती जेमतेम १६-१७ वर्षांची होती.

त्याखालचा गठ्ठा जॉन हूपरचा. हा इंग्रज, बायको ॲनाला घेऊन, दोन वर्षं झुरिकला राहिला. १५४९ मध्ये तो निघाला तेव्हाची गोष्ट इंग्रज इतिहासकार जॉन फॉक्सने पुढे लिहून ठेवली आहे. बुलिंगर म्हणाला, आम्हाला विसरू नका, खुशाली कळवत राहा. हूपर म्हणाला, कळवीन, पण शेवटची बातमी तेवढी मला कळवता येणार नाही. जिथे मी सर्वांत जास्त झिजेन, तिथेच माझी राख झाल्याचं तुम्ही ऐकाल. त्याने शब्द पाळला. तो लिहीत राहिला, तुरुंगातूनही. फेब्रुवारी १५५५ मध्ये ग्लॉस्टरला त्याला पाखंडी ठरवून जाळलं. ॲना तेव्हा फ्रांकफुर्टला होती, तिथून ती बुलिंगरला लिहीत होती. शेवटची बातमी कळवण्याचं काम नेहमी दुसऱ्या कुणावर येतं. म्हणून इथे प्रत्येकाला ओळखीचे खूप लागतात. आपण लिहायचे थांबलो की आपल्याबद्दल लिहील, असं कुणीतरी हवं असतं.

पहाट झाली. धुकं तेच, पेज तीच. तुम्ही निघालात हे घरभर कळलंय आणि निघणारा माणूस इथे रिकाम्या हाताने सुटत नाही. बर्नच्या बाजूला जाताय? मग हे घ्या. कागदाची चार बोटं रुंद घडी, लाख अजून किंचित मऊ, वर योहान्नेस हालरचं नाव. तो बर्नच्या चर्चचा प्रमुख आहे. त्याचा बापही कापेललाच पडला, तेव्हा त्याच्या शिक्षणाकडे बुलिंगरने लक्ष दिलं होतं. तीन-चार दिवसांची पायपीट आहे. पत्र अंगरख्याच्या आत ठेवा, पडशीत नको, पाऊस आहे. खानावळीत कुणाला दाखवू नका. तिकडे पोचल्यावर नाणं मिळेल, सूप मिळेल, अंथरूण मिळेल.

मात्र हालर पत्र लगेच फोडणार नाही. आधी तो तुम्हाला शेगडीपाशी बसवून विचारत सुटेल. बुलिंगर थकलाय का? जेवण जातं का? खोकला गेला का? मार्टिरबद्दल काही कळलं का, आणि ते सांगताना त्याचा चेहरा कसा होता? त्यातलं काहीही पत्रात नाही. ते तुमच्याकडून अपेक्षित आहे. तेव्हा डगल्याची बटणं लावत दारात उभे आहात तोवर त्या म्हाताऱ्याकडे नीट बघून घ्या, त्याने किती पाव खाल्ला तेही मोजा, आणि ॲनाने हालरच्या बायकोमुलांना सांगितलेले नमस्कार एकदा तिच्यासमोर म्हणून दाखवा. एखादं नाव गाळलंत, तर त्याची तक्रार पुढच्या टपालाने इथे परत येईल.